सहाच्या जीपचे बारा

‘अगं, तिचे बारा वाजवशील!’

बाबा ओरडले तेव्हा मला वाटलं, नेहमीचंच. बाबांच्या मते मी आजवर मिक्सरचे, वॉशिंग मशीनचे, त्यांच्या दोन मोबाइलचे आणि एका ठरत आलेल्या लग्नाचे बारा वाजवलेले आहेत. त्यामुळे मी दुर्लक्ष केलं आणि जंपर केबलचा शेवटचा चिमटा जीपच्या बॅटरीला लावला.

पण या वेळी ते वाक्प्रचार म्हणून बोलत नव्हते. शब्दशः बोलत होते. जीप सहा व्होल्टची आणि माझी स्विफ्ट बाराची. त्यात स्विफ्ट मी चालू ठेवलेली, म्हणजे तिचा अल्टरनेटर चौदाच्या आसपास देत असणार. शिवाय दिवे लागतात का ते बघायला बाबांनी मघाशीच जीपचा लाइटचा खटका ओढून ठेवला होता.

पुढचे तीन सेकंद सॉलिड होते. आयुष्यभर पिवळट, समईसारखे लागणारे जीपचे हेडलाइट एकदम पांढरेशुभ्र झाले. शेडची मागची भिंत उजळली, तिथली कोळिष्टकंसुद्धा दिसली. मग टक्, टक्, अंधार. आणि बॅटरीतून भाजी शिजायला लागल्यासारखा खदखद आवाज, सोबत नाकात जाणारा आंबूस वास. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. गुडघ्यामुळे ते जिना चढत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कशी उडी मारली आणि चिमटा कसा उपटला, ते अजून त्यांनाही सांगता येत नाही.

मग आम्ही दोघं शेडच्या पायरीवर बसलो. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग बाबा म्हणाले, ‘तुझं इंजिनिअरिंग कशातलं गं?’

कॉम्प्युटरमधलं, बाबा. कॉम्प्युटरमधलं.

आता थोडी पार्श्वभूमी. आमचा एरंडवण्याचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेला. पुण्यात आता हे वाक्य ‘आमच्याकडे गणपती बसले’ इतक्या सहज म्हणतात. बिल्डरला ताबा द्यायची तारीख ठरलेली. सामान गेलं, पुस्तकं गेली, माळ्यावरची पितळी भांडी आत्याकडे गेली. राहिली फक्त मागच्या शेडमधली जीप. 1944 सालची विलीज. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप, डाव्या हाताचं स्टिअरिंग, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येते. युद्ध संपल्यावर लष्कराने असल्या गाड्या मोडीत काढल्या, तशी ही पन्नाशीच्या दशकात ‘डिस्पोजल’मधून आजोबांनी घेतली. ते छोटे ठेकेदार होते, खडी-वाळू पुरवायचे.

आमच्या घरातली जीपची मुख्य दंतकथा अर्थातच 12 जुलै 1961 ची. पानशेत फुटलं त्या दिवशी आजोबांनी नारायण पेठेतून माणसं भरून पर्वतीच्या बाजूला नेली. माझ्या लहानपणी या कथेत पाच माणसं असायची. हल्ली अकरा असतात, एक शिवणयंत्रही आलंय. पण कथेतला एक तपशील कधीच बदलत नाही: त्या दिवशीही बॅटरी उतरलेली होती, आणि आजोबांनी दुसऱ्या हँडलला जीप सुरू केली. ते हँडल शेडमध्ये खिळ्याला टांगलेलं असे. त्याला कुणी हात लावायचा नाही.

तर जीप पौडजवळ आत्याच्या शेतावर जायची होती. मी म्हटलं, टो करू. अर्ध्या तासात फ्लॅटबेड ट्रक दारात येतो, हायड्रॉलिकने चढवतो. बाबा म्हणाले, ‘ती या घरात स्वतःच्या चाकांवर आली. जाईल तर तशीच.’ यावर वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. आई गेल्यापासून बाबा कुठल्याच गोष्टीचा हट्ट करत नाहीत. बंगला पाडायलाही ‘बरं’ म्हणाले होते. हा पहिलाच हट्ट होता.

चार वर्षं बंद गाडी. जुनं पेट्रोल काढलं, कार्ब्युरेटर साफ केला, प्लग काढून सिलिंडरमध्ये तेलाचे थेंब सोडले. बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली. डावा पाय क्लचवर, उजव्या पायाने सेल्फचं बटण (हो, या जीपला सेल्फ पायाने मारतात, जमिनीवर बटण असतं). आवाज आला, ऊं... ऊं... ऊं... आणि थांबला. दम्याचा पेशंट जिना चढताना थांबतो तसा. म्हणून माझ्या सुपीक डोक्यातून स्विफ्टची आयडिया निघाली, आणि पुढचं सगळं रामायण.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला ‘वर्क फ्रॉम होम’ टाकून मी नाना पेठेत गेले. पुण्यात गाडीचा कुठलाही सुटा भाग हवा असेल तर माणूस आधी नाना पेठेत जातो, तिथे नाही मिळाला तर जुन्या बाजारात, आणि तिथेही नाही मिळाला तर गाडी विकतो. तिथल्या एका वयस्कर वायरमनला सोबत घेऊन आले. त्याने आधी बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘ताई, चिमटे बॅटरीलाच लावले?’

‘हो.’

‘तोंड जवळ होतं?’

‘बाबांचं होतं.’

त्याने काहीच म्हटलं नाही, फक्त कानाच्या पाळीला हात लावला. नंतर त्याने समजावलं तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. शिशाच्या बॅटरीत प्रत्येक घर दोन व्होल्टचं, साधारण. सहाच्या बॅटरीत तीन घरं, बाराच्या बॅटरीत सहा. तिघांच्या घरात सहा जण जबरदस्तीने घुसवले की करंट बेफाम होतो आणि आतलं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. त्यात चिमटा काढताना-लावताना एक ठिणगी पडली की बॅटरी फुटते, अ‍ॅसिड तोंडावर. आणि बाबांनी चिमटा उपटला तो नेमका बॅटरीवरूनच. ठिणगी पडलीही होती. मी पाहिली होती. शेडचं दार सताड उघडं होतं, एवढंच.

मी त्याला विचारलं, म्हणजे बारा व्होल्टने सहाची गाडी सुरू करायचीच नाही का? तो हसला. म्हणाला, ‘आम्ही पोरं असताना रोज करायचो. पण सेल्फला द्यायचे बारा. गाडीला नाही.’

बॉस, सगळा फंडा या एका वाक्यात आहे.

सेल्फ म्हणजे जाडजूड तांब्याची, दणकट मोटर. तिला दुप्पट व्होल्टेज दिलं तर सुरुवातीला, म्हणजे मोटर फिरायला लागायच्या आधी, करंटही दुप्पट जातो आणि उष्णता चौपट होते. पण चार-पाच सेकंद ती हे सोसते. नाजूक असतात बाकीचे: बल्ब, पेट्रोलचा काटा, इग्निशनची कॉइल, पॉइंट. जुन्या गाडीत व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर तोही. त्यांच्यापर्यंत बारा पोचू द्यायचे नाहीत. आमच्या जीपमध्ये हे सोपं निघालं. बॅटरीची जाड केबल आधी पायाच्या बटणावर येते, तिथून दुसरी केबल सेल्फला जाते. बाराची पॉझिटिव्ह वायर थेट सेल्फच्या मोटरवरच्या बोल्टला दिली आणि पायाचं बटण दाबलंच नाही, तर बारा व्होल्ट फक्त मोटरमध्ये जातात. मधलं बटण उघडं असल्यामुळे उरलेल्या गाडीला त्यांचा पत्ताही लागत नाही. इग्निशन आपल्या सहाच्या बॅटरीवर निवांत चालू. निगेटिव्ह वायर इंजिनच्या ब्लॉकला लावायची, बॅटरीपासून लांब.

यात आणखी एक गंमत आहे. बॅटरी अशक्त असते तेव्हा सेल्फ तिचा सगळा जीव खातो, व्होल्टेज चारवर येतं आणि कॉइलला ठिणगी पाडायला काही उरतच नाही. म्हणजे इंजिन फिरतं पण पेटत नाही. सेल्फला बाहेरून जेवण दिलं की घरची बॅटरी पूर्णच्या पूर्ण कॉइलला मिळते. हँडलचंही तेच. हँडल मारताना सेल्फ वापरतच नाही, त्यामुळे उतरलेली बॅटरीसुद्धा ठिणगीपुरती पुरते. पानशेतच्या दिवशी आजोबांची जीप दुसऱ्या हँडलला सुरू झाली, त्यात चमत्कार नव्हता तर!

(हे मी बाबांना सांगितलं. त्यांना आवडलं नाही.)

आणि वेगळ्या व्होल्टेजची ही युक्ती गॅरेजवाल्यांनी शोधलेली नाही, बरं का. 1912 साली कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ पहिल्यांदा गाडीत बसवला, तेव्हा त्या गाडीचे दिवे सहा व्होल्टवर चालायचे आणि सेल्फ चोवीसवर! इंजिन सुरू करताना बॅटऱ्या एका ओळीत जोडल्या जायच्या, मग पुन्हा वेगळ्या व्हायच्या. पुढे साध्या गाड्यांत सगळंच सहावर आलं, आणि 1950 च्या दशकात मोठी, जास्त कॉम्प्रेशनची इंजिनं आल्यावर अमेरिकन कंपन्या एकामागून एक बारावर गेल्या. बीटल तर साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सहावरच रेंगाळली. ज्यांच्या बाबांकडे जुनी जावा होती त्यांना सहा व्होल्ट म्हणजे काय ते सांगायला नको. सिग्नलला थांबलं की हेडलाइट मेणबत्ती व्हायचा.

एक धोक्याची सूचना. तुमच्या घरात आजोबांची पन्नाशीच्या सुरुवातीची डॉज किंवा प्लायमाऊथ असेल, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेली, तर ती सहाची तर आहेच, वर पॉझिटिव्ह अर्थही आहे. म्हणजे बॉडीला प्लस. मॉरिस मायनर बाराची, पण तीही पॉझिटिव्ह अर्थ. तिथे ‘काळी वायर बॉडीला’ हा आपला पाठ केलेला नियम लावलात तर माझ्यापेक्षा मोठा पराक्रम कराल. आधी बॅटरीची कुठली बाजू बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी बघा. आमची विलीज निगेटिव्ह अर्थ निघाली, हे आमचं नशीब.

तर वायरमनने ट्रकचा एक जुना सोलेनॉइड आणला, त्याला घंटीचं असतं तसं बटण. एक सुटी बाराची बॅटरी जमिनीवर, लांब. चालू स्विफ्ट वगैरे काही नाही. ‘तुमच्या गाडीत कॉम्प्युटर आहे ताई, तो उडला असता तर ही जीप विकूनच भरावा लागला असता.’ गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. त्याने बटण दाबलं. धाड्! असा आवाज आला की मी दोन पावलं मागे गेले. सेल्फचं छोटं दातेरी चाक पुढे उडी मारून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतं, ते सहावर हळू जातं, बारावर हातोड्यासारखं आदळतं. रोज असं केलं तर एक दिवस तिथली स्प्रिंग तुटते, नाही तर दाते. पण इंजिन फिरलं. खरंच गरगर फिरलं. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा एक फट् आणि धूर. तिसऱ्यांदा... बंद. त्याने बटण सोडून पाच मिनिटं विडी ओढली (शेडच्या बाहेर, पेट्रोलपासून लांब), मोटर गार होऊ दिली. चौथ्यांदा लागली.

लागली म्हणजे काय सांगू! चार सिलिंडर, 2.2 लिटर, साठ घोडे, आणि सगळे चार वर्षं उपाशी. शेडभर निळा धूर. शेजारचे काका बाल्कनीत आले. बाबा स्टिअरिंगवर बसून अ‍ॅमीटरकडे बघत होते. काटा चार्जच्या बाजूला गेला, म्हणजे डायनॅमो जिवंत.

मला वाटलं, झालं काम. वायरमन म्हणाला, ‘कसलं झालं? मधे बंद पडली तर बाराची बॅटरी डोक्यावर घेऊन पळणार का मागे?’

खरा आजार त्याने तेव्हा दाखवला. सेल्फची केबल. कधीतरी कुणीतरी बदललेली, बारा व्होल्टच्या गाडीला घालतात तशी बारीक. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पुणेकराला हे लगेच कळेल: प्रेशर कमी असेल तर पाइप जाड लागतो. हिशेब करून पाहिला. समजा सेल्फला 300 अँपिअर लागतात आणि केबल, बोल्ट, अर्थिंग मिळून रोध आहे फक्त 0.005 ओहम. दीड व्होल्ट वाटेतच मेले. सहातले दीड, म्हणजे पाव भाग! तेवढंच काम बारावर करायला करंट निम्मा लागतो, वाटेत पाऊण व्होल्ट जातो, म्हणजे बारातले जेमतेम सहा टक्के. म्हणून बाराच्या गाडीला गंजलेला बोल्ट चालून जातो, सहाच्या गाडीला नाही. (आजकालच्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत 48 व्होल्ट येतायत, त्यामागेही हाच हिशेब.)

मी विचारलं, मग सगळी गाडी बाराची करून टाकू ना? बल्ब, कॉइल, डायनॅमो बदलायचे, विषय संपला. खरं सांगायचं तर बरेच जण तेच करतात आणि त्यात पाप काही नाही. मधला मार्गही असतो, आठ व्होल्टची बॅटरी, चार घरांची. पण मग रेग्युलेटर वाढवून बसवावा लागतो आणि बल्ब लवकर जातात. 2021 साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपातली, 20 हजार रुपये फी, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. त्या नियमात चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांचा उल्लेख आहे, वायरिंगचा नाही. म्हणजे कायद्याने आम्हाला अडवलं नसतं. अडवलं बाबांनी.

‘तिला सहा पुरत होते,’ ते म्हणाले. ‘आपण तिला नीट देत नव्हतो.’

मी गप्प बसले. हे वाक्य फक्त जीपबद्दल होतं की नाही, हे विचारायची ती वेळ नव्हती.

मग अंगठ्याएवढी जाड केबल घातली. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसतं, त्यामुळे ब्लॉकपासून चासीपर्यंत स्वतंत्र पट्टी लागते. ती नव्हतीच, गंजून तुटून गेलेली. ती बसवली. बोल्टांखालचा रंग चक्क पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला. बॅटरीचा प्रश्न होता. दुकानात सहा व्होल्ट मागितले की इमर्जन्सी लॅम्पची डबीएवढी बॅटरी हातात ठेवतात. वायरमनच्या ओळखीच्या एकाने तीन घरांची मोठी बांधून दिली. बुधवारी सकाळी मी आणि बाबा मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो, सहाच्या बल्बसाठी. मागच्या दिव्याचा बल्ब एका ताडपत्रीवर, दुचाकीच्या जुन्या मालात मिळाला. हेडलाइट एकच मिळाला. बाबांनी त्यासाठी वीस मिनिटं घासाघीस केली आणि नंतर रिक्षात मला सांगितलं की मागितले तेवढे दिले असते.

रविवारी पहाटे उजाडल्यावर निघालो. बाबा चालवणार, मी शेजारी, मागून स्विफ्टमध्ये मावसभाऊ, डिकीत बाराची बॅटरी आणि सोलेनॉइड. बाबांनी निघताना शेडमधलं हँडल काढून सीटखाली ठेवलं. मागे वळून बंगल्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

पौड रस्त्याने चांदणी चौकात आलो. ऑक्टोबर 2022 मध्ये जो पूल स्फोटाने पाडला, त्याच्या जागी आता रस्त्यांची अशी काही जिलबी आहे की गुगलची बाईसुद्धा दोनदा विचार करते. बाबांनी चुकीचा रॅम्प पकडला. आम्ही मुंबईच्या दिशेला लागलो. सर्व्हिस रोडवर गाडी बाजूला घेताना त्यांचा पाय क्लचवरून निसटला. इंजिन बंद.

शांतता. मागून स्विफ्ट थांबली, मावसभाऊ डिकी उघडायलाच लागला. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. माझ्याकडे बघितलं, मग जमिनीवरच्या बटणाकडे. पाय दाबला.

ऊं-ऊं-ऊं नाही. रर्रर्र... आणि लागली. सहावर.

बाबा काही बोलले नाहीत. पुढे भूगावच्या रस्त्यावर त्यांनी पानशेतची गोष्ट पुन्हा सुरू केली. या वेळी माणसं नऊ होती. ‘अकरा ना?’ मी म्हटलं. ‘नऊच,’ बाबा म्हणाले, ‘दोन जण चालत आले होते.’

आता जीप आत्याच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली आहे. हँडल नव्या खिळ्याला. बाबा दर रविवारी जातात, दहा मिनिटं इंजिन चालवतात आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघतात. डावा हेडलाइट अजून आंधळाच आहे. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर सहा व्होल्टचा पडून असेल तर प्लीज कळवा. घासाघीस बाबा करतील, पैसे मी देईन.